पंचाला मैदानात एकटं सोडू नका: कबड्डी संघटना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या कबड्डी संघटनांचे पदाधिकारी, जिल्ह्याजिल्ह्यातली पंच मंडळं आणि दरवर्षी चषक भरवणारी सगळी क्रीडा मंडळं,

सप्रेम नमस्कार.

मी कोकणातली एक कबड्डी पंच. आधी ९ वर्षं खेळले, डावा कोपरा सांभाळायचे, मग गुडघा गेला आणि खेळ थांबला. खेळ सोडवेना म्हणून पंच परीक्षा दिली, आता १३ वर्षं झाली शिट्टी गळ्यात घालून उभी राहतेय. घरी दोन मुलं आहेत, नोकरी आहे, तरी डिसेंबर ते मार्च शनिवार-रविवार माझे मैदानावरच जातात आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. आज तक्रार आहे. तुमच्यातल्या काही जणांना ती तोंडी सांगून झाली, एकाला लेखी देऊन झाली, उत्तर आलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. स्पर्धेचं, मंडळाचं, माणसांचं नाव मुद्दाम घेत नाही कारण मला कुणा एकाला बदनाम करायचं नाहीये, आणि खरं सांगायचं तर हे एका ठिकाणचं नाहीच.

झालं असं. महिला गटाची सेमीफायनल, रात्रीचे साडेअकरा, दोन मिनिटं उरलेली, २४-२४. एका संघाची लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई, म्हणजे गुण आणलाच पाहिजे नाहीतर चढाई करणारी बाद. समोर सहा जणी उभ्या, म्हणजे बोनस चालू, बोनस रेषा नीट ओलांडली की कुणाला न शिवताही एक गुण. मुलगी आत गेली, बोनस रेषेच्या पुढे पाय टाकला आणि परत आली. मी त्याच बाजूला पंच होते, माझ्यापासून दीड-दोन मीटरवर तिचा मागचा पाय जमिनीला होता, टाच नाही तर अख्खा चवडा. मागचा पाय हवेत नसेल तर बोनस नाही हे पाचवीतल्या पोरीला पण माहीत असतं. मी बोनस नाही म्हणून हात केला, सरपंचांनी, म्हणजे मॅचच्या मुख्य पंचांनी, माझ्याकडे बघितलं, मान हलवली, शिट्टी दिली, चढाईवालीला बाद दिलं. इथपर्यंत सगळं ठीक.

मग मंचावरून माणसं उतरली. एक, दोन, मग पाच-सहा. एकाच्या हातात माईक तसाच चालू. कुणी मला बोललं नाही, माझ्याकडे बघितलं पण नाही, सगळे सरपंचांच्या भोवती. मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला की तो कोपरा माझा आहे, पाय मी बघितलाय. दहा मिनिटांनी सरपंचांनी निर्णय फिरवला, बोनस दिला, बाद झालेली मुलगी परत मैदानात. जो संघ एका गुणाने पुढे असायला हवा होता तो एका गुणाने मागे गेला आणि त्याच एका गुणाने हरला. हरलेल्या संघातली डाव्या कोपऱ्याची पोरगी, सोळा-सतराची असेल, मॅच संपल्यावर माझ्याकडे आली आणि फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, मागचा पाय खालीच होता ना?" मी तिला उत्तर दिलं नाही. पंचाने मैदानात सहकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध खेळाडूशी बोलायचं नसतं, मी तो नियम पाळला, आणि तेव्हापासून ते न दिलेलं उत्तर माझ्या मनातून जात नाहीये.

गुणपत्रकावर मी माझा शेरा लिहून सही केली. पुढच्या महिन्यात माझं नाव पंचांच्या यादीत नव्हतं. फोन केला तर "ताई, थोडे दिवस थांबा, वातावरण निवळू द्या". पत्र नाही, कारण नाही, चौकशी नाही.

आता तुम्ही म्हणाल एका बोनससाठी एवढं काय. म्हणून तुम्हाला सगळ्यांना माहीत असलेली एक मॅच आठवून देते. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, एशियन गेम्सची पुरुषांची फायनल, भारत-इराण, २८-२८, साधारण मिनिटभर उरलेलं. पवन सेहरावत तिसऱ्या चढाईवर गेला, कुणाला स्पर्श न होता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, गेला आणि त्याला बाहेर काढायला इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग लॉबीत घुसले. जुन्या नियमाने बघितलं तर झटापट झालेली नसताना लॉबीत पाय टाकणारा प्रत्येक जण बाद, पवन पण आणि मागे गेलेले पण. प्रो कबड्डीमुळे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेल्या नव्या नियमाने बघितलं तर पवन लॉबीत गेला तिथेच चढाई संपली, मागचे बाद नाहीत. आधी दोघांना एकेक गुण दिला, भारताने हरकत घेतली, निर्णय बदलला, मग इराणने घेतली, परत बदलला, खेळाडू मॅटवर बसले, प्रशिक्षक आणि पदाधिकारी मॅटच्या कडेला, खेळ तासभर बंद. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने लागला आणि ३३-२९ ने आपण सुवर्ण जिंकलं. त्या संघात आपला टाकळीभानचा अस्लम इनामदार होता, आमच्या वाडीत रात्री फटाके वाजले, मी पण रडले आनंदाने. पण मी पंच आहे, त्यामुळे मी दुसरी गोष्ट पण बघत होते. ते पंच काही आंधळे नव्हते. कोण कुठे गेला, कुणाचा पाय कुठे पडला, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं, सगळ्या जगाने स्क्रीनवर बघितलं होतं. भांडण होतं ते कुठला नियम लावायचा यावर. आशिया खंडाची फायनल सुरू होण्याआधी ज्यांनी ते एका ओळीत लिहून द्यायला हवं होतं त्यांनी दिलं नाही, आणि शिव्या खाल्ल्या पंचांनी.

आमच्या जिल्ह्यात दर शनिवारी हेच होतं, फक्त टीव्हीवर दिसत नाही.

मला पंचगिरी ज्यांनी शिकवली ते आमच्या शाळेतले पीटीचे सर, आता नाहीत ते. परीक्षा पास झाल्यावर मला वाटलं उद्यापासून शिट्टी. सरांनी पहिल्या तीन स्पर्धा मला शिट्टीला हात लावू दिला नाही. बाजूरेषेच्या बाहेर उभं केलं, हातात शंभर पानी वही दिली आणि सांगितलं, फक्त पाय बघायचे, चेहरा नाही, हात नाही, गुण कुणाला मिळाला ते पण नाही. 'निदान रेषा' (चढाई करणारीने निदान तिथपर्यंत जायलाच हवं ती रेषा) ओलांडली का, ओलांडताना मागचा पाय कुठे होता, बोनसला कुठला पाय आत गेला, परत येताना लॉबी कुठे लागली, एवढंच लिहायचं. पहिल्या दिवशी माझ्या चाळीस नोंदींपैकी निम्म्या सरांच्या नोंदींशी जुळल्या नाहीत, कारण माझे डोळे बॉलच्या मागे जावेत तसे चढाई करणारीच्या हाताच्या मागे जात होते. प्रेक्षक हातच बघतो. खेळणारी असताना मी पण हातच बघायचे. ती सवय मोडायला मला अख्खा सीझन लागला.

दुसरी गोष्ट सरांनी शिकवली ती शिट्टीची. झटापट सुरू आहे, चार जणी अंगावर, चढाईवाली मध्यरेषेकडे हात लांबवतेय, तेव्हा घाईने शिट्टी दिली की संपलं, नंतर बोटं रेषेला लागली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. आणि उशिरा दिली तर कुणाचा तरी खांदा नाहीतर गुडघा जातो, माझा तसाच गेलाय. ती जी अर्धी सेकंद असते ना, ती पुस्तकात कुठे लिहिलेली नाही, ती फक्त मॅचेस करून करून येते. आणि दम. चढाईवालीचा दम तुटला का हे कानाने ऐकायचं असतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. एका बाजूला आपल्याकडून चूक झाली हे दोन मिनिटांनी कळतं, आणि मग मन म्हणतं पुढचा शंकेचा गुण त्यांना देऊन टाकू, बरोबरी होईल. सर याला भरपाई म्हणायचे आणि भरपाई करणाऱ्या पंचाला ते दुसऱ्या दिवशी घरी पाठवायचे. चूक झाली तर कॅप्टनला बोलवून सरळ सांगायचं, चुकले, आणि पुढची चढाई कोऱ्या पाटीने बघायची. मी गेल्या १३ वर्षांत असं चार वेळा सांगितलंय. चारही वेळा कॅप्टनने मान हलवली आणि खेळायला गेली, कुणी भांडलं नाही. भांडतात ते मंचावरचे.

हे सगळं मी मोठेपणा म्हणून सांगत नाहीये. असा पंच तयार व्हायला पाच-सात वर्षं लागतात, कुणीतरी शिकवायला लागतं, आणि तयार झालेला पंच एका रात्रीत मोडता येतो. मोडतं कोण, तर तुम्ही. आता माझ्या तक्रारी सांगते.

शिबिरं. वर्षातून एकदा एक दिवसाचं शिबिर, त्यात सकाळी दीपप्रज्वलन आणि सत्कार, दुपारी जेवण, आणि मधल्या दीड तासात नियम वाचून दाखवायचे. व्हिडिओ लावून एकेका चढाईवर चर्चा मी एकाही शिबिरात बघितलेली नाही. लॉबीचा नियम आमच्याकडे आजही तीन पंचांना विचारा, दोन उत्तरं मिळतील. नवीन बदल व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड होऊन येतो, त्याच्यावर ना तारीख ना सही, आणि मग मैदानात संघाचा कोच मोबाईल काढून दाखवतो की मॅडम हा बघा नियम. पोरी टीव्हीवर प्रो कबड्डी बघून तयार होतात आणि आम्ही त्यांना कधी कधी दुसऱ्याच नियमाने बाद देतो. चूक त्यांची नाही. आमची पण नाही हो.

पैसे. हा विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढते. पंचांचं मानधन फायनल संपल्यावर मंचावरून पाकिटातून मिळतं, देणारं कोण तर स्पर्धा भरवणारं मंडळ, आणि बऱ्याचदा त्याच मंडळाचा संघ स्पर्धेत खेळत असतो. मी असं म्हणत नाही की त्यामुळे पंच विकला जातो, बहुतेक जण प्रामाणिक आहेत, मी त्यांच्याबरोबर उन्हात उभी राहिलेय. पण रात्री बारा वाजता यजमान संघाविरुद्ध शेवटचा गुण देताना, पाकीट कुणाच्या हातात आहे, घरी सोडणारी गाडी कुणाची आहे, हे त्या पंचाला माहीत असतं आणि ते त्याला माहीत असायलाच नको.

मैदानात येणारी माणसं. ह्याबद्दल वर सांगितलंच. रेषेच्या आत फक्त खेळाडू, आणि कडेला पंच, एवढंच असायला पाहिजे. बाकी कुणीही, अध्यक्ष असो, आमदार असो, देणगीदार असो.

समालोचक आणि डीजे. कॉमेंट्री करणारे दादा चांगले असतात, त्यांच्यामुळे रंगत येते, मला मान्य आहे. पण आम्ही हात वर करायच्या आधीच ते माईकवरून "बोनऽऽस!" म्हणून मोकळे होतात, पब्लिक उसळते, आणि मग आम्ही नाही म्हटलं की दोन हजार माणसांच्या तोंडचा घास काढल्यासारखं होतं, बाटल्या येतात. गुण जाहीर करणं हे गुणलेखकाने पंचांची खूण बघून केलं पाहिजे. आणि स्पीकर मैदानाला चिकटून लावला तर दम ऐकायचा कसा, हा प्रश्न मी दरवर्षी विचारते.

सुरक्षा, आणि बायकांचं वेगळं. महिलांच्या मॅचेसना महिला पंच पाहिजेत म्हणता, चांगलं आहे, पण कपडे बदलायला खोली नाही, संडास नाही, मॅच रात्री दीडला संपते आणि मग तुमचं तुम्ही जा. दोन तरुण पोरी माझ्याबरोबर पंच परीक्षा पास झाल्या होत्या, दोघींनी दुसऱ्याच वर्षी सोडलं. त्यांच्या घरच्यांना काय म्हणून समजवायचं होतं मी?

आणि व्हिडिओ. प्रो कबड्डीत रिव्ह्यू आहे, टीव्ही पंच आहे, कॅमेरे आहेत, आपल्याकडे तेवढा पैसा नाही हे मला कळतं. पण आता प्रत्येक गावातली स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह असते, ट्रायपॉडवर दोन-तीन मोबाईल लागलेलेच असतात. तोच व्हिडिओ दुसऱ्या दिवशी पंचाचा चेहरा गोल करून व्हायरल करायला चालतो, मग त्याच रात्री पंचाला बघायला का चालत नाही? माझ्या त्या बोनसचा व्हिडिओ तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाईलवर आला. पाय खाली दिसतोय. मला निकाल बदलून नकोय, ती स्पर्धा संपली. पण दहा मिनिटं माणसांचं कोंडाळं करण्यापेक्षा दहा सेकंद तो मोबाईल बघितला असता तर चाललं नसतं का.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. शिवराज राक्षेचं म्हणणं होतं की दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, रिव्ह्यू दाखवा, आणि मग पंचांची कॉलर धरली गेली, लाथ मारली गेली, त्याच्यावर ३ वर्षांची बंदी आली. पंचावर हात-पाय उचलणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात माझं काही दुमत नाही, कितीही मोठा पैलवान असू दे. पण मला तो व्हिडिओ बघताना कबड्डीच दिसत होती. ज्या खेळात हरकत घ्यायची नीट जागा खेळाडूला मिळत नाही तिथे त्याचा राग शेवटी पंचाच्या छातीवर येऊन आदळतो. हे आपल्याकडे व्हायच्या आधी काहीतरी करा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

काय करा ते पण सांगते, म्हणजे नुसती तक्रार केली असं व्हायला नको.

१. सीझन सुरू व्हायच्या आधी नियमांची एकच पुस्तिका मराठीत काढा, तारीख आणि सही असलेली, लॉबी, बोनस, तिसरी चढाई यांची चित्रं टाकून. तीच पंचाच्या खिशात आणि तीच कोचच्या पिशवीत. सीझनच्या मध्ये बदल करू नका.

२. पंचांचं मानधन मंडळांकडून आधीच जमा करून घ्या आणि संघटनेकडून बँक खात्यात टाका. कुठल्या मॅचला कोण पंच हे पण संघटनेने ठरवायचं, यजमानांनी नाही. ज्या पंचाचा भाऊ-भाचा खेळतोय त्याने त्या मॅचला उभं राहायचं नाही.

३. मॅच चालू असताना मंचावरचं कुणी मैदानात आलं तर खेळ थांबवून त्या मंडळाला पुढच्या वर्षी स्पर्धेची परवानगी नाही. हे लेखी द्या. एकदा कुणाची तरी परवानगी खरंच थांबवा, बाकीचे आपोआप बसतील.

४. प्रत्येक संघाला एक रिव्ह्यू, निदान सेमीफायनल आणि फायनलला, तिथेच असलेल्या मोबाईलवर. चित्रात स्पष्ट दिसत नसेल तर पंचाचा आधीचा निर्णय कायम.

५. महिन्यातून एकदा संध्याकाळी दोन तास, दहा चढाया व्हिडिओवर, सगळ्या पंचांनी आपापला निर्णय कागदावर लिहायचा आणि मग चर्चा. याला हॉल लागत नाही, शाळेचा एक वर्ग पुरतो.

६. रात्री अकरानंतर मॅच सुरू करायची नाही. महिला पंच आणि खेळाडूंना खोली, संडास आणि घरापर्यंत गाडी.

७. कुठल्याही पंचाला यादीतून काढायचं असेल तर लेखी कारण द्या आणि त्याचं म्हणणं ऐका. माझ्यापासून सुरुवात करा. मी चुकले असेन तर व्हिडिओ समोर ठेवून सांगा, मी लेखी माफी मागेन.

ज्या खेळाला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी १९३६ साली बर्लिनपर्यंत नेलं, ज्याच्यासाठी बुवा साळवींनी अख्खं आयुष्य घातलं, तो खेळ आपला आहे असं आपण भाषणात म्हणतो. १५ जुलैला बुवांचा वाढदिवस, कबड्डी दिन, तुम्ही हार-तुरे आणि सत्कार ठेवालच. त्या दिवशी दुपारी दोन तास मला द्या, किंवा माझ्यापेक्षा जाणत्या कुणालाही द्या. दहा चढायांचं ते पहिलं शिबिर तिथेच होऊ दे. व्हिडिओ मी आणते, माझ्या त्या बोनससकट. त्या डाव्या कोपऱ्याच्या पोरीला पण बोलवायचंय मला, तिचं गाव मला माहीत आहे, तिच्या प्रवासाचा खर्च मी करेन.

उत्तराची वाट बघतेय, फोनवर नको, लेखी.

आपली,
कोकणातली एक कबड्डी पंच